आधी ओंडका मोजा, मग यंत्र बघा

गेल्या अंकात मी सहज लिहून गेलो की लिहायच्या टेबलाच्या फळ्या मी स्वतः ओंडक्यातून चिरल्या आहेत. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यांनाच देऊन टाकतोय. जवळपास सगळ्यांचा प्रश्न एकच आहे : कोणतं यंत्र घेऊ? उत्तरांआधी माझी लायकी सांगतो. मी पेशाने सुतार नाही. अठ्ठावीस वर्षं लाकूड चिरतोय. त्यातली पहिली चार वर्षं चुका करण्यात गेली. आजवर तीन यंत्रं झाली, आणि त्यातलं मधलं घ्यायलाच नको होतं. तेव्हा पुढचं सगळं पोळलेल्या माणसाचं बोलणं आहे असं समजून वाचा.

प्रश्न : काका, वादळात आमच्या जागेतली दोन मोठी झाडं पडली. त्यांचे नऊ ओंडके झाले आहेत. घेर चार ते सहा फूट, लांबी आठ ते दहा फूट. एवढं लाकूड जाळून टाकायचं जिवावर येतं. एक मित्र म्हणतो चेनसॉला लावायची चौकट घे, दुसरा म्हणतो बँडसॉ मिल, म्हणजे रुळांवरून सरकणारी दातेरी पट्टीची करवत घे, नाहीतर पस्तावशील. कोणाचं ऐकू?

उत्तर : तुमचे दोन्ही मित्र यंत्राबद्दल बोलताहेत. ओंडक्याबद्दल कुणीच बोलत नाही. आपण तिथून सुरुवात करू.

घेराला ३.१४ ने भागलं की व्यास मिळतो. म्हणजे तुमचा सगळ्यात बारीक ओंडका १५ इंचांचा आणि सगळ्यात जाड २३ इंचांचा. सरासरी १९ धरू. वखारीत लाकूड मोजायची जुनी रीत अशी की घेराचा चौथा भाग काढायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं. पाच फूट घेर, नऊ फूट लांबी, तर सव्वा गुणिले सव्वा गुणिले नऊ, म्हणजे १४ घनफूट. हा आकडा खऱ्या घनफळाच्या साधारण ७८ टक्के येतो. बाकीचं साल आणि गोलाईच्या कापात जाणारच, म्हणून आधीच सोडलेलं. नऊ ओंडक्यांचे झाले सव्वाशे घनफूट. एका माणसाच्या हौसेला हे भरपूर आहे, पण यंत्राच्या मानाने काहीच नाही. बँडसॉ मिल मनावर घेतली तर चार-पाच दिवसांत हे संपवेल आणि मग ताडपत्रीखाली बसून राहील.

आता वजन. नुकतंच पडलेलं झाड, विशेषतः कठीण लाकडाचं, जवळजवळ पाण्याइतकं जड भरतं. तुमचा सरासरी ओंडका अर्धा घनमीटर, म्हणजे अर्धा टन. हा आकडा कागदावर लिहून भिंतीला लावा. पुढचे सगळे निर्णय यंत्राच्या अश्वशक्तीवर नव्हे, या अर्ध्या टनावर ठरणार आहेत. अर्धा टन ओंडका सपाट जमिनीवर लाकूड वळवायच्या आकड्याने दोघं मिळून लोळवू शकतात. तोच मिलच्या दीड फूट उंच पाट्यावर चढवायचा म्हटलं की उतरती फळी, विंच आणि थोडी अक्कल लागते. मी एकदा घाईत दोन गोल वाशांवरून ओंडका चढवत होतो. वर पोचता पोचता वासे फिरले आणि ओंडका परत आला. मी बाजूला होतो म्हणून हे सदर लिहितोय. उतारावरच्या ओंडक्याच्या खालच्या बाजूला कधीच उभं राहायचं नाही. त्याला पाचर लावल्याशिवाय तर नाहीच.

मग दोन्ही यंत्रांची तुलना करू. चेनसॉची चौकट म्हणजे चेनसॉच्या बारला, म्हणजे जिच्याभोवती चेन फिरते त्या लांब पट्टीला, आडवी धरणारी एक शिडीसारखी जोडणी. ती ओंडक्याकडे जाते, ओंडक्याला तिच्याकडे यावं लागत नाही. अर्ध्या टनाचा प्रश्न तिथल्या तिथे सुटतो. सगळं सामान एका माणसाच्या पाठीवर आणि हातात मावतं. पण ती प्रत्येक कापाला ८ ते १० मिलिमीटर लाकडाचा भुसा करते. बँडसॉ २ ते अडीच मिलिमीटरच खाते. हा फरक कानाला किरकोळ वाटतो, म्हणून हिशेब करून दाखवतो. ३०० मिलिमीटर उंचीचा चौकोनी ठोकळा घ्या आणि २५ मिलिमीटरच्या फळ्या काढा. १० मिलिमीटर खाणाऱ्या चेनसॉने आठ निघतील, बँडसॉने अकरा. तीन फळ्या भुशात गेल्या. शिवाय वेळ. १९ इंच रुंद आणि नऊ फूट लांब काप कठीण लाकडात चेनसॉने घ्यायला मला आठ-दहा मिनिटं लागतात, तीही धार ताजी असेल तर. बँडसॉ तेच दोन मिनिटांत करते. तुमच्या नऊ ओंडक्यांत मिळून शंभरेक काप असतील. म्हणजे चेनसॉ कानाशी पंधरा-सोळा तास नुसती गरजणार. थांबणं, धार लावणं, पेट्रोल भरणं वेगळं.

माझं मत विचाराल तर तुम्ही दोन्हीही विकत घेऊ नका. गाडीला जोडून फिरती बँडसॉ मिल आणणारे लोक असतात. ओंडके गाडी पोचेल अशा जागी असतील तर त्यांना दोन दिवस बोलवा. ओंडके आधी एका रांगेत, जमिनीपासून उचलून, जाड टोकं एकाच बाजूला करून ठेवा, कारण त्यांचा वेळ यंत्रापेक्षा ओंडके हलवण्यातच जातो. गाडी पोचत नसेल, मध्ये ओढा किंवा चढ असेल, तर मात्र पहिल्या मित्राचं ऐका. दुसऱ्या मित्राचं ऐकायची वेळ तेव्हा, जेव्हा दरवर्षी असे नऊ ओंडके येतील आणि तुमच्याकडे ते उचलायला काहीतरी असेल.

मी जे मधलं यंत्र घेतलं ते छोटी बँडसॉ मिल होती. माहितीपत्रकात लिहिलं होतं : २२ इंचांचा ओंडका चालतो. चालायचा, खोटं नव्हतं. पण ब्लेडच्या दोन मार्गदर्शक चाकांमधलं अंतर होतं १७ इंच. म्हणजे ओंडका आत शिरायचा, पण मधली सगळ्यात रुंद फळी काढायची वेळ आली की आधी दोन्ही बाजू छाटायच्या. ज्या फळीसाठी एवढा खटाटोप, तीच अरुंद व्हायची. तेव्हा यंत्र बघायला गेलात तर ओंडक्याचा व्यास विचारू नका. सगळ्यात रुंद फळी किती इंचांची निघते ते विचारा, आणि टेप लावून स्वतः मोजा.

अजून दोन गोष्टी हाताने तपासा. एक, ओंडका धरणारे पंजे किती खाली जातात. ते दोन इंचांवरच अडकत असतील तर शेवटच्या दोन फळ्या तुम्हाला मिळणार नाहीत, किंवा एक दिवस ब्लेड पंज्यावर जाईल. माझं गेलं आहे. आवाज अजून लक्षात आहे. दोन, रूळ. करवतीचं डोकं रुळांवरून हाताने ढकलून बघा, आणि मध्यावर उभं राहून पायाने दाब द्या. रूळ लवले तर तुमच्या फळ्याही तशाच निघतील. इंजिन सगळ्यात शेवटी बघा. विकणारा ते सगळ्यात आधी दाखवील.

प्रश्न : माझ्याकडे ४५ सीसीची चेनसॉ आहे. फांद्या कापायला उत्तम चालते. तिलाच चौकट लावून भागेल का?

उत्तर : आठ-दहा इंच रुंदीपर्यंत, मऊ लाकडात, अधूनमधून भागेल. त्यापुढे ती मरेल. फांदी कापताना इंजिन दहा सेकंद जोर लावतं आणि मग श्वास घेतं. ओंडका लांबीत चिरताना मात्र ते दहा-दहा मिनिटं पूर्ण ताकदीने चालतं. हवेवर थंड होणाऱ्या छोट्या इंजिनाला ती शिक्षा आहे. दीड फुटाच्या कापासाठी मी ७० सीसीच्या खाली जाणार नाही, आणि दोन-अडीच फुटांसाठी ९० च्या वरच. बारची लांबीही पुरी वापरता येत नाही. चौकटीचे शिकंजे दोन्ही टोकांना मिळून पाच-सहा इंच खातात. ३६ इंचांच्या बारने ३० इंचांचा ओंडका चिरला म्हणजे खूप झालं.

चेन बदलायला विसरू नका. नेहमीच्या चेनच्या दातांची धार ३० अंशांच्या आसपास तिरकी असते, कारण ती लाकडाच्या रेषा आडव्या कापायला बनवलेली असते. लांबीत चिरायला हा कोन १० अंशांपर्यंत आणतात. अशी तयार रिपिंग चेन मिळते. जुनी चेन असेल तर कानशीने दर धारेला थोडं थोडं करून तिथवर नेता येतं. काप गुळगुळीत येतो आणि करवत थरथरत नाही. धार गेली हे कसं ओळखायचं? चेनसॉ स्वतःहून पुढे सरकत असेल तर धार आहे. तुम्हाला ढकलावं लागलं की गेली. मी प्रत्येक टाकी पेट्रोलमागे थांबून कानस फिरवतो, हवेची जाळी झटकतो आणि त्याच वेळी इंजिनालाही गार होऊ देतो.

एक युक्ती. ओंडक्याचं एक टोक हातभर वर उचलून ठेवा आणि वरून खाली चिरत या. अर्धी मेहनत यंत्राच्या वजनानेच होते. आणि चेनच्या मागे, झालेल्या कापात दर दोन फुटांवर लाकडी पाचर बसवत चला, नाहीतर वरची फळी खाली बसून बारला चिमटते.

प्रश्न : म्हणतात की पहिला काप सगळ्यात महत्त्वाचा. तो घ्यायचा कसा? ओंडका तर गोल असतो!

उत्तर : या प्रश्नाची मी वाटच बघत होतो. चेनसॉच्या चौकटीत पहिल्या कापाला टेकायला सपाट जागा नसते, म्हणून ओंडक्यावर काहीतरी सरळ बसवायचं. मी बसवली होती अॅल्युमिनियमची शिडी, दोन टोकांना ठोकलेली. नऊ फुटांची शिडी मध्ये थोडी लवते. उभ्याने बघितलं तर दिसतसुद्धा नाही. त्यावर चौकट आणि चेनसॉचं वजन आलं की आणखी लवते. पहिला काप मध्ये खोल गेला. पुढचा काप पहिल्या कापाच्या पृष्ठभागावर टेकून घ्यायचा असतो, म्हणून तोही तसाच. सातच्या सात फळ्या होडीच्या तळासारख्या निघाल्या, आणि एकमेकींवर ठेवल्या तर अगदी नीट बसायच्या! त्यातल्या दोन फळ्यांचं टेबल अजून माझ्या खोलीत आहे. पेन्सिल ठेवली की मध्यावर येऊन थांबते.

आता मी चौकोनी पोकळ लोखंडी पट्ट्या वापरतो आणि त्यांना मध्ये दोन ठिकाणी खालून पाचरीचा आधार देतो. ओंडक्याच्या दोन्ही टोकांवर एकेक आडवी फळी स्क्रूने बसवायची, दोन्ही पाणसळीने समतल करायच्या, आणि मग एका टोकाला बसून एक डोळा मिटून दोन्हींच्या वरच्या कडा एकमेकींवर जुळतात का ते बघायचं. जुळल्या नाहीत तर फळीला पीळ येणार. बाक रंध्याने काढता येतो. पीळ काढता काढता मात्र दीड इंचाची फळी पाऊण इंचावर येते. स्क्रू कापाच्या रेषेच्या वरच राहतील एवढेच लांब घ्या, हे सांगायला नको. पण मी एकदा विसरलो होतो, म्हणून सांगतो.

प्रश्न : आमच्या गटाने मिळून बँडसॉ मिल घेतली. पहिला आठवडा सुरेख गेला. आता फळ्यांवर लाटा येतात. विकणारा म्हणतो ब्लेड जास्त ताणा. ताणलं, तरी तेच. यंत्रच सदोष आहे का?

उत्तर : बहुधा नाही. पहिला आठवडा सुरेख गेला हाच पुरावा आहे. तेव्हा ब्लेड नवं होतं.

बँडसॉचं ब्लेड ही सव्वा इंच रुंद आणि एक मिलिमीटरच्या आसपास जाडीची पट्टी, सेकंदाला पंचवीसेक मीटर वेगाने धावणारी. धार असते तोवर ती सरळ जाते, कारण लाकूड तिला अडवत नाही. धार गेली की ती वाट शोधू लागते, आणि मऊ थराकडे, गाठीच्या कडेने, जिथे सोपं तिथे वळते. तुम्ही ढकलत राहता आणि ती वळत राहते. त्यामुळे लाटांचं पहिलं कारण धार, दुसरं कारण धार, आणि तिसरं घाई. कठीण लाकडात एक ब्लेड दीड-दोन तास कापलं की उतरवा, मग ते चांगलं चालत असलं तरीही. ‘अजून एक फळी निघेल’ म्हणत शेवटच्या धारेवर चालवलेलं ब्लेड दातांच्या मधल्या खोबणीत तडकतं आणि मग धार लावून उपयोग नसतो.

धार नवी असूनही काप सतत एकाच बाजूला, वर किंवा खाली, जात असेल तर दात बघा. एकाआड एक दात डावी-उजवीकडे वळवलेले असतात, प्रत्येक बाजूला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. एका बाजूचे जास्त वळलेले असले की ब्लेड त्या बाजूला ओढतं. खिळ्यावरून गेलेल्या ब्लेडचं हे नेहमीचं दुखणं. फक्त गाठींपाशीच लाट येत असेल तर दातांचा कोन कमी असलेलं ब्लेड घ्या. सर्वसाधारण कामाला १० अंश चालतात, कठीण आणि गाठाळ लाकडाला ७ किंवा ४.

मग ताण. आणि त्याच्याइतकंच महत्त्वाचं, मार्गदर्शक चाकं. हलणारं चाक ओंडक्यापासून दोन बोटांवर आणून ठेवायचं. बारीक ओंडका चिरताना ते चाक पार दूर ठेवलेलं मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे. मधलं मोकळं ब्लेड जितकं लांब तितकं ते डोलणार, ताण कितीही द्या. चिकट लाकडात ब्लेडवर राळ बसते, तिच्यासाठी पाण्यात थोडा साबण घालून थेंबथेंब सोडा. संध्याकाळी ताण सैल करा, ब्लेडचं आयुष्य वाढतं आणि चाकांवरचे पट्टेही टिकतात.

गटाने घेतली आहे म्हणता, तर एक घरगुती सल्ला. डझनभर ब्लेड घ्या आणि धार लावायचं काम एकाच माणसाकडे द्या. सगळ्यांचं ते कुणाचंच नाही.

प्रश्न : इंच जाडीच्या फळ्या हव्या म्हणून प्रत्येक वेळी करवतीचं डोकं बरोबर एक इंच खाली सोडतो, तरी फळी पातळच निघते. मापनपट्टी चुकीची असेल का?

उत्तर : पट्टी बरोबर आहे. ब्लेडने खाल्लेलं तुम्ही मोजत नाही. डोकं २५ मिलिमीटर खाली आणलं आणि ब्लेडने २ खाल्ले तर फळी २३ ची. सुकताना आणखी एखादा मिलिमीटर जाईल, रंध्याखाली दोन-तीन. तयार फळी २५ ची हवी असेल तर ओली ३० ची चिरा, म्हणजे डोकं ३२ ने खाली. मी हे आकडे खडूने यंत्राच्या खांबावरच लिहून ठेवले आहेत, कारण दुपारनंतर माझी बेरीज चुकते.

प्रश्न : आमचा एक जुना वृक्ष पडला आहे, बुंध्याचा व्यास चार फुटांहून जास्त. कोणत्याच बँडसॉत जाणार नाही. अशा ओंडक्याचं काय करतात?

उत्तर : तीन वाटा आहेत. लांब बारच्या चेनसॉने आधी त्याचे लांबीत दोन किंवा चार भाग करा आणि ते भाग बँडसॉवर न्या. भुसा होईल, पण तो एक-दोन कापांपुरताच. शिवाय चौथ्या भागातून निघणाऱ्या फळ्यांत वाढीची वलयं उभी पडतात, आणि अशा फळ्या कमी वाकतात. लाकूड वलयांच्या दिशेने जेवढं आक्रसतं त्याच्या साधारण निम्मंच ते गाभ्यापासून सालीच्या दिशेने आक्रसतं. ओल्यापासून पार कोरडं होईपर्यंत ढोबळमानाने आठ टक्के आणि चार टक्के. फळी वाकण्याची बरीचशी कहाणी या दोन आकड्यांत आहे.

दुसरी वाट म्हणजे झुलत्या पात्याची गिरणी. तिच्यात गोल करवत असते, ती आडवा काप घेऊन येते आणि मग नव्वद अंशांत वळून उभा घेते. प्रत्येक फेरीत चारही कडा सरळ असलेली फळी सुटी होते. ओंडका जागचा हलत नाही, यंत्रच त्याच्याभोवती उभारतात, म्हणून राक्षसी ओंडक्यांना ती फार सोयीची. तोटा असा की फळीची रुंदी पात्याच्या खोलीपुरती, बहुतेक यंत्रांत सहा ते दहा इंच. दुसऱ्या बाजूने काप घेऊन ती दुप्पट करता येते. काप बँडसॉपेक्षा जाड, पण त्या आकाराच्या ओंडक्यात ते कोण मोजतं.

तिसरी वाट : सबंध रुंदीच्या अखंड फळ्या हव्या असतील तर दोन्ही टोकांना इंजिन असलेली लांब चेनसॉ आणि दोन माणसं. अशी एक फळी तीन इंच जाड काढलीत तर ती उचलायची कुणी, हे आधी ठरवा.

प्रश्न : ओंडक्यात खिळे असतील तर कळतं का?

उत्तर : हातात धरायचं धातुशोधक यंत्र घ्या. दोन-चार इंच खोलवरचं लोखंड ते सांगतं. ते नसेल तर चिरलेल्या लाकडावर निळा-काळा डाग दिसला की थांबा. लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याचा लोखंडाशी संबंध आला की असा डाग पडतो, आणि खिळा जवळच असतो. माणूस जिथे उभं राहून ठोकतो तिथेच खिळे, म्हणजे बुंध्याच्या खालच्या सहा फुटांत. झाड वाढलं तरी खिळा वर सरकत नाही, कारण उंची शेंड्याकडे वाढते आणि बुंधा फक्त जाड होतो. लोखंड पोटात असलेला ओंडका मी नवीन ब्लेडसमोर कधीच नेत नाही. उतरायला आलेलं ब्लेड अशासाठीच राखून ठेवतो.

प्रश्न : ताई-माईंच्या कामाला यात जागा आहे का? मी लाकडी खेळणी आणि पेट्या करते. माझे ओंडके म्हणजे दोन फूट लांब, सहा-सात इंच जाड फांद्या. एवढ्यासाठी मिल कशाला?

उत्तर : ताई, तुमचा प्रश्न या अंकातला सगळ्यात शहाणा आहे. मिल नकोच. कारखान्यातली उभी बँडसॉ पुरे. तिच्यावर दोन फळ्या काटकोनात जोडून एक सरकता गाडा करा, ओंडका त्यावर दोन स्क्रूंनी पक्का बांधा आणि मग ढकला. मोकळा गोल ओंडका हाताने कधीही बँडसॉत घालू नका. दात लागले की तो गरकन फिरतो आणि हात सोबत घेऊन जातो. ब्लेड अर्धा ते पाऊण इंच रुंद, इंचाला तीन दात. बारीक दातांचं ब्लेड ओल्या लाकडात भुशाने भरतं आणि जळतं.

सरळ रेषांचं लाकूड असेल तर यंत्र सोडाच, पाचर आणि हातोडीने फोडा. फोडलेल्या तुकड्यात रेषा कुठेच तुटत नाही, म्हणून तो चिरलेल्या तुकड्यापेक्षा चिवट असतो. खेळण्यांच्या दांड्यांना तेच हवं. फक्त फांद्यांबद्दल एक इशारा. आडव्या वाढलेल्या फांदीत ताण कोंडलेला असतो, पट्टी सुटी होता होताच धनुष्य होते. छोटे तुकडे कापा, लांब पट्टीचा मोह नको.

प्रश्न : पेट्रोल, डिझेल की विजेची मोटर?

उत्तर : ओंडके तुमच्याकडे येणार असतील तर वीज. धूर नाही, कटकट नाही, शेजारी बोलायचे थांबत नाहीत. तुम्ही ओंडक्यांकडे जाणार असाल तर पेट्रोल. डिझेल रोज आठ तास चालवणाऱ्यांसाठी. आवाज कोणताही असो, कानाला झडप लावा आणि तोंडाला खरा धूळमास्क, रुमाल नव्हे. लाकडाची धूळ १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या यादीत टाकली आहे. मी पहिली दहा वर्षं रुमालावर काढली, आणि आता डॉक्टर छातीला नळी लावून जरा जास्तच वेळ ऐकतात.

प्रश्न : फळ्या चिरून झाल्या. टेबल कधी करू? सुकवायचं यंत्रही घ्यावं लागेल का?

उत्तर : यंत्र नको, पट्ट्या घ्या. इंचभर जाडीच्या, सगळ्या एकसारख्या, कोरड्या. ओंडका चिरायच्या आधीच त्याच्या टोकांना रंग किंवा मेण फासा, कारण टोकं सगळ्यात आधी सुकतात आणि तडकतात. चिरल्या दिवशीच फळ्या रचा. दुसऱ्या दिवशी म्हणाल तर बुरशी आणि वाक दोन्ही सुरू झालेले असतील. जमिनीपासून फूटभर वर, सावलीत, वारा आरपार जाईल अशा जागी. दर दीड फुटाला एक आडवी पट्टी, आणि वरची पट्टी बरोबर खालच्या पट्टीवर. इकडेतिकडे गेली तर फळी तिथेच नागमोडी सुकते. वर वजन. साल पूर्ण काढा, किड्यांचं घर सालीखालीच असतं.

इंचाला एक वर्ष हा जुना ठोकताळा आहे. मऊ लाकूड त्याआधीच तयार होतं, घट्ट लाकूड जास्त वेळ घेतं. ठोकताळ्यापेक्षा तराजू बरा. फळीच्या टोकापासून फूटभर आत एक छोटा तुकडा कापा आणि वजन करा. मग तो शंभर अंशांहून जरा वर तापवलेल्या भट्टीत ठेवा, वजन उतरायचं थांबेपर्यंत. समजा २०० ग्रॅमचा १६० झाला. गेलेले ४० भागिले उरलेले १६०, म्हणजे पाव. तुमच्या फळीत २५ टक्के पाणी आहे, टेबलाला अजून अवकाश आहे. उघड्यावर रचलेलं लाकूड हवेप्रमाणे १२ ते १८ टक्क्यांवर येऊन थांबतं. घरातल्या कोरड्या हवेत ते आणखी खाली जातं, म्हणून शेवटचे एक-दोन महिने फळ्या ज्या खोलीत टेबल राहणार त्याच खोलीत ठेवा.

मी हे न करता केलेलं टेबल पहिल्याच कोरड्या ऋतूत मध्ये फाटलं. त्या फटीत आता पट्टी मावते. पेन्सिल मध्यावर येऊन थांबते म्हणालो ना, ते हेच टेबल.